सर्व्हरवरील ऑपरेटिंग सिस्टिमची पुनःस्थापना : पूर्वतयारीचा विचार, वर्धा जिल्ह्यातील कापूस-व्यवसायाच्या संदर्भात

वर्धा जिल्ह्याच्या अर्थव्यवहारात कापसाचे स्थान काय आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकातच लिव्हरपूलच्या बाजारात एका स्वतंत्र जातीचे नाव म्हणून रूढ झाले होते. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी या गावांच्या पेढ्यांवर आणि गिरण्यांत या कापसाचा हिशेब दीर्घकाळ रोजकीर्द आणि खतावणी यांतून ठेवला जात असे. गेल्या दोन-तीन दशकांत मात्र वह्यांची जागा संगणकाने घेतली. आणि जेथे एकाहून अधिक माणसे एकाच हिशेबावर काम करतात, तेथे कार्यालयाच्या एखाद्या कोपऱ्यात सर्व्हर येऊन बसला. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना माहिती, मुद्रण, प्रवेशाची परवानगी इत्यादी सेवा पुरविणारा संगणक होय. काट्यावरचा कारकून वजन नोंदवितो, आतल्या खोलीतील मुनीम त्या वजनाची हिशेबपट्टी काढतो, आणि मालक आपल्या मेजावरून दिवसाची खरेदी पाहतो. या तिघांच्याही दृष्टीने वही एकच असते आणि ती सर्व्हरमध्ये असते.

या यंत्राचे सर्व व्यापार ज्या मूलभूत प्रणालीवर चालतात, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती केव्हा ना केव्हा पुसून नव्याने बसवावी लागते. प्रत्यक्ष बसविण्याचे काम तासा-दीड तासाचे आहे आणि त्याविषयी माहितीही विपुल मिळते. त्यापूर्वी काय करावयाचे, याविषयी मात्र फारसा विचार झालेला आढळत नाही. जे नुकसान होते ते बहुतेक वेळा या पूर्वतयारीच्या अभावीच होते. म्हणून प्रस्तुत लेखात विवेचन तेवढ्यापुरतेच ठेवले आहे.

प्रथम पुनःस्थापना खरोखरच आवश्यक आहे काय, याचा निर्णय झाला पाहिजे. तिची दोन कारणे निर्विवाद आहेत. पहिले, निर्मात्याने त्या आवृत्तीची देखभाल थांबविली असणे. विंडोज सर्व्हर २००८ आर२ या आवृत्तीची नियमित देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी संपली, २०१२ आर२ ची १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली, आणि लिनक्सच्या कुळातील सेंटओएस ७ ची ३० जून २०२४ रोजी संपली. या दिनांकांनंतर सापडलेली सुरक्षेतील छिद्रे बुजविणारा कोणी सहसा उरत नाही. दुसरे कारण, यंत्रात घातक प्रोग्रॅमचा शिरकाव झाल्याचे सिद्ध होणे. अशा वेळी पुसून स्वच्छ करण्यापेक्षा मुळातून नव्याने बसविणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. कारण काय काय बदलले गेले आहे, याची खात्री देणे कोणालाही शक्य नसते.

परंतु “यंत्र मंद झाले आहे” एवढ्याच कारणाने सर्व्हर पुसावयास निघणे अविचाराचे ठरते. जिनिंगच्या आवारात हवेत कापसाचा सूक्ष्म तंतू सतत तरंगत असतो. तो यंत्राच्या पंख्यात व जाळीत साठतो, वारा अडतो, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग आपोआप कमी करून घेतो. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा ही अवस्था विशेष जाणवते. हे दुखणे कोरड्या ब्रशने आणि हवेच्या झोताने बरे होणारे आहे; त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम बदलणे म्हणजे दात दुखतो म्हणून पगडी बदलण्यासारखे आहे. डिस्क निकामी होत चालली असेल तर तीही प्रथम मंदपणाच दाखविते, आणि तेव्हा पुनःस्थापना केल्यास ती खराब डिस्कवरच होते. म्हणून डिस्कची आरोग्यनोंद पाहिल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये.

पूर्वतयारी नसताना पुनःस्थापनेची पाळी आली तर काय होते, याचे जगाच्या इतिहासातील सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही स्पर्श करून गेलेले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला घातक प्रोग्रॅम युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून पसरला. मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरचे संगणक काही तासांत निकामी झाले, आणि त्यांबरोबर न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. विदर्भाच्या व्यापाराच्या दृष्टीने हे बंदर परके नाही. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे कोरडे बंदर उभारण्याची योजना याच बंदराच्या प्रशासनाने हाती घेतलेली आहे.

मेर्स्कला त्यानंतर ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि ते काम दहा दिवसांत झाले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ साली दावोस येथे सांगितले. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर इतके असल्याचे जाहीर केले होते. तथापि या आकड्यांपेक्षाही अधिक बोधप्रद अशी एक बाब आहे. बहुतेक सर्व्हरवरील माहितीच्या राखीव प्रती कंपनीजवळ होत्या. नव्हती ती ‘डोमेन कंट्रोलर’ या सर्व्हरची. कोणता वापरकर्ता कोण आहे आणि त्याला काय पाहण्याचा अधिकार आहे, याचे नोंदपुस्तक हा सर्व्हर सांभाळतो. असे सुमारे दीडशे सर्व्हर कंपनीजवळ होते, ते परस्परांशी सतत जुळते राहत, आणि म्हणून त्यांतील एक बिघडला तर दुसरा आहेच, असे गृहीत धरलेले होते. सर्वच एकाच वेळी बिघडतील, हा विचार कोणाच्याही मनात आला नव्हता. अखेर आफ्रिकेतील घाना देशातील कार्यालयात एकच डोमेन कंट्रोलर शाबूत सापडला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती! तेथील इंटरनेटचा वेग इतका अपुरा होता की त्यावरील माहिती तारेने पाठविणे अशक्य ठरले, आणि ती माणसाच्या हाती विमानाने इंग्लंडला न्यावी लागली. विजेच्या लपंडावाला नित्य दोष देणाऱ्या विदर्भातील व्यापाऱ्याला या घटनेतील विनोद समजेल. परंतु असल्या योगायोगावर कोणत्याही व्यवसायाने विसंबून राहू नये, हेही त्याला समजावे.

आता छोट्या कार्यालयाकडे वळू. हिंगणघाट किंवा समुद्रपूर परिसरातील एखादी मध्यम आकाराची जिनिंग-प्रेसिंग गिरणी उदाहरणादाखल घेतली, तर तिच्या सर्व्हरवर स्थूलमानाने तीन प्रकारचा ऐवज असतो. पहिला, बाजारात पुन्हा मिळणारा : ऑपरेटिंग सिस्टिम व तयार सॉफ्टवेअर. दुसरा, जगात अन्यत्र कोठेही नसलेला : शेतकऱ्यांची खाती, काटापट्ट्या, गाठींची नोंद, येणे-देणे. तिसरा, ज्याकडे बहुधा दुर्लक्ष होते तो : या दोहोंना जोडणाऱ्या शेकडो लहान-मोठ्या मांडण्या. कोणत्या संगणकाला कोणता स्थिर पत्ता दिला आहे, रात्री दोन वाजता कोणते काम आपोआप चालते, काट्याच्या खोलीतील छपाईयंत्राला सर्व्हर कोणत्या नावाने ओळखतो, कोणते पोर्ट उघडे आहे. या मांडण्या कोणी एका दिवसात केलेल्या नसतात. वर्षानुवर्षे कोणी नागपूरहून आलेला तंत्रज्ञ, कोणी मालकाचा भाचा, कोणी पूर्वीचा नोकर यांनी त्या एकेक करून ठेवलेल्या असतात आणि त्या कागदावर कोठेही उतरलेल्या नसतात. म्हणून तयारीचा आरंभ संगणकावर न करता वहीत करावा. सर्व्हर पुसण्यापूर्वी किमान दोन आठवडे तरी ती वही उघडी ठेवावी आणि जो जो मनुष्य त्या यंत्राचा वापर करतो त्याला ते कशासाठी लागते हे विचारून लिहून घ्यावे. महिन्यातून एकदाच लागणारी गोष्ट एका दिवसाच्या पाहणीत सापडत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या ऐवजाची राखीव प्रत, म्हणजे ज्याला व्यवहारात बॅकअप म्हणतात ती, घेतलीच पाहिजे हे सर्वांना मान्य असते. मतभेद नव्हे, पण गैरसमज मात्र तिच्या स्वरूपाविषयी असतात. पहिला गैरसमज असा की, दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जाण्याची ‘रेड’ ही व्यवस्था असली म्हणजे राखीव प्रत आहेच. वस्तुतः ही व्यवस्था एक डिस्क मोडल्यास काम अडू नये यासाठी असते. चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. दुसरा गैरसमज असा की, सर्व फायली दुसऱ्या डिस्कवर ओढून टाकल्या म्हणजे काम झाले. साध्या पत्रांच्या व तक्त्यांच्या बाबतीत ते खरे आहे, पण माहितीसंचय चालविणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत नाही. असा प्रोग्रॅम चालू असताना त्याची काही माहिती स्मृतीत आणि काही डिस्कवर अशी विभागलेली असते; त्या अवस्थेत फायलीची नक्कल केली तर ती अर्धवट उतरते. त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या आज्ञेनेच प्रत काढली पाहिजे, किंवा तो पूर्ण थांबवून मगच फाइल उचलली पाहिजे. माहितीबरोबर तिच्या वापरकर्त्यांची यादी येते असेही नाही. कित्येक माहितीसंचयांत ती यादी स्वतंत्र ठिकाणी असते आणि तिची प्रत वेगळी काढावी लागते.

तिसरा गैरसमज सर्वांत घातक होय : प्रत काढली गेली म्हणजे ती चांगली आहे असे मानणे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणकीय सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा काम करीत असताना चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकी ४.५ गिगाबाइट शिल्लक उरेपर्यंत ती थांबविता आली नाही. त्यानंतर शोध घेता असे आढळले की, राखीव प्रती काढण्याच्या ज्या पाच व्यवस्था होत्या त्यांपैकी एकही भरवशाची नव्हती. रोज निघणारी प्रत प्रत्यक्षात निघतच नव्हती, कारण प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती माहितीसंचयाच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. आणि ती निघत नसल्याची सूचना देणारी पत्रे टपालव्यवस्थेने नाकारल्यामुळे कोणाला पोहोचलीच नव्हती. योगायोगाने सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी काढलेली एक प्रत सापडली आणि तेवढ्यावर निभावले; मधल्या सहा तासांची माहिती गेली ती गेलीच. त्या कंपनीने हा सर्व वृत्तांत स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केला, ही गोष्ट विशेष प्रशंसनीय आहे. जे तंत्रज्ञांच्या एवढ्या मोठ्या समुदायात घडू शकते, ते एका मुनिमाच्या भरवशावर चाललेल्या कार्यालयात घडणार नाही, असे समजण्यास काहीच आधार नाही.

म्हणून राखीव प्रतीची कसोटी एकच : ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून, मागल्या हंगामातील कोणत्याही दहा शेतकऱ्यांची खाती काढून, ती छापील हिशेबपट्टीशी ताडून पाहणे. आकडे पैशापर्यंत जुळले तरच ती प्रत आहे. एरवी ती केवळ डिस्कवरील जागा व्यापणारी वस्तू होय. अशा किमान दोन प्रती असाव्यात, आणि त्यांतील एक यंत्रापासून व वीजजोडणीपासून अलग, शक्य तर दुसऱ्या इमारतीत असावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील पाच सर्व्हरवर हल्ला होऊन सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध झाली, आणि नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतची कामे कित्येक दिवस कागदावर करावी लागली. तेथील रुग्णनोंदी परत मिळाल्या त्या हल्ला न पोहोचलेल्या एका राखीव सर्व्हरवरून. सेवाग्रामसारख्या ठिकाणी जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या रुग्णांचे कागदपत्र सांभाळणाऱ्या रुग्णालयांनाही हा प्रसंग विचार करावयास लावणारा आहे.

प्रत कोठे ठेवावी याचा विचार करताना ती परत आणावयास किती वेळ लागेल, याचे गणित आधी मांडावे. २०० गिगाबाइट माहिती बाहेरच्या डिस्कवरून सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने उतरविण्यास साधारण ३५ मिनिटे पुरतात. तीच माहिती दूरच्या सर्व्हरवरून सेकंदाला २० मेगाबिट इतक्या इंटरनेटवरून आणावयाची तर सुमारे २२ तास लागतात, आणि तेही मधे वीज वा तार तुटली नाही तर! घानाच्या कार्यालयाने विमानाचा आश्रय घेतला तो याच त्रैराशिकामुळे.

वर्धा जिल्ह्यातील, किंबहुना मराठीतून हिशेब ठेवणाऱ्या कोणत्याही कार्यालयाच्या बाबतीत एक प्रश्न असा आहे की, ज्याचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत सापडणार नाही. तो जुन्या देवनागरी टंकांचा होय. युनिकोड ही सर्व लिप्यांना सामावून घेणारी संकेतपद्धती १९९१ साली अवतरली, आणि विंडोजमध्ये देवनागरीची व्यवस्था २००० सालच्या आवृत्तीपासून आली. परंतु कार्यालयांतून तिचा प्रसार होण्यास बराच काळ जावा लागला. तोपर्यंत, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही, कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा टंकांतून मराठी मजकूर लिहिला गेला. त्यांपैकी अनेक टंकांची युक्ती अशी की, संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरांचाच असतो. फक्त त्या अक्षरांची चित्रे देवनागरी असतात. कृतिदेवमध्ये रोमन डी या अक्षराच्या जागी ‘क’ चे चित्र उमटते. टंक यंत्रावर आहे तोपर्यंत शेतकऱ्याचे नाव मराठीत दिसते. तो टंक नव्या स्थापनेत आला नाही की त्याच नावाच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन घोळका दिसू लागतो.

येथे माहिती नष्ट झालेली नसते, पण ती वाचता येत नाही, आणि समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला या दोहोंतील भेद समजावून सांगणे कठीण आहे. शिवाय काही भाषिक सॉफ्टवेअरबरोबर एक लहानशी कुलूप-किल्ली, म्हणजे संगणकाला मागून जोडावयाचे उपकरण, येत असे. ते उपकरण आणि त्याला ओळखणारा छोटा प्रोग्रॅम या दोन्ही गोष्टी नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतीलच असे नाही. म्हणून पुसण्यापूर्वी टंकांच्या सर्व फायली उचलून ठेवणे हे किमान काम. आणि शक्य असेल तेथे जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हे खरे काम. रूपांतर यंत्राने होते, परंतु रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे या ठिकाणी चुका राहतात. ‘वर्मा’, ‘किर्ती’, ‘सूर्यभान’ अशी नावे डोळ्यांनी तपासावीत. माहितीसंचयाच्या अक्षरानुक्रमाची मांडणीही जुन्याप्रमाणेच ठेवावी. ती बदलली तर काही प्रोग्रॅम अडतात आणि याद्या भलत्याच क्रमाने येऊ लागतात.

आता मेर्स्कच्या उदाहरणात आलेल्या डोमेन कंट्रोलरकडे पुन्हा एकदा पाहू; कारण छोट्या कार्यालयात हीच चूक सर्वाधिक घडते. विंडोजच्या जगात प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या नावाखेरीज एक दीर्घ क्रमांक दिला जातो, आणि फायलींवरील सर्व अधिकार त्या क्रमांकाला जोडलेले असतात, नावाला नव्हे. तलाठ्याच्या दप्तरात जमीन गट क्रमांकाने ओळखली जाते, शेताच्या लौकिक नावाने नाही, तसाच हा प्रकार आहे. सर्व्हर पुसून ‘मुनीम’ या नावाचे खाते पुन्हा उघडले तर त्याला नवा क्रमांक मिळतो. जुन्या फायलींच्या दृष्टीने हा मुनीम परका असतो. कार्यालयातील प्रत्येक संगणकही या नोंदपुस्तकाशी बांधलेला असल्याने तो नव्या सर्व्हरला ओळखत नाही. ज्या कार्यालयात हे काम एकाच सर्व्हरकडे असते, तेथे प्रथम दुसरे एखादे यंत्र तात्पुरते का होईना डोमेन कंट्रोलर म्हणून उभे करावे, नोंदपुस्तक त्याच्याकडे पूर्ण उतरू द्यावे, मुख्य जबाबदाऱ्या त्याच्याकडे सोपवाव्यात, आणि त्यानंतरच जुन्याला रीतसर पायउतार करावे. पाच संगणकांच्या कार्यालयात ही व्यवस्था मुळातच नसेल तर हा सर्व खटाटोप टळतो. म्हणून ती आहे की नाही, हे आधी पाहून घ्यावे.

सॉफ्टवेअरच्या परवान्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना विशिष्ट यंत्रस्थापनेशी बांधलेला असतो. पुसण्यापूर्वी तो जुन्या स्थापनेवरून परत करावा आणि नव्या स्थापनेवर पुन्हा कार्यान्वित करावा. अनुक्रमांक आणि ज्या ई-मेल पत्त्यावर परवाना नोंदला आहे तो पत्ता, दोन्ही वहीत लिहावेत. तो पत्ता पूर्वीच्या नोकराचा निघतो, हा अनुभव विरळा नाही. डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर तिची पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर छापून तिजोरीत ठेवावी. ती त्याच डिस्कवर साठविणे म्हणजे किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावणे होय.

धर्मकाट्याचा प्रोग्रॅम हे मात्र निराळे प्रकरण आहे. काट्याचा दर्शक बहुधा जुन्या पद्धतीच्या सिरियल पोर्टमधून संगणकाला जोडलेला असतो, आणि वजन वाचणारा प्रोग्रॅम एखाद्या स्थानिक तंत्रज्ञाने बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेला असतो. त्याची मूळ तबकडी हरवलेली असते आणि लिहिणारा आता दुसऱ्या गावी असतो. पोर्टचा क्रमांक, वेग आणि इतर मूल्ये यांचे पडद्यावरील चित्र काढून ठेवावे. आणि तो प्रोग्रॅम नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो की नाही याची परीक्षा वेगळ्या संगणकावर, प्रत्यक्ष काट्यावर रिकामी ट्रॉली उभी करून घ्यावी. तो चालत नसेल तर काट्याचा संगणक सर्व्हरपासून वेगळा ठेवून जुन्याच प्रणालीवर, इंटरनेटशी न जोडता, चालू ठेवणे हा तात्पुरता तोडगा वाईट नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही काही गोष्टी पुसता येत नाहीत. कंपनी अधिनियमाच्या कलम १२८ नुसार कंपन्यांनी हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जतन करावयाची असतात. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम दिनांकापासून ७२ महिने. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी कंपन्यांनी वापरावयाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा मागोवा ठेवणारी आणि बंद करता न येणारी नोंद असणे बंधनकारक झाले. पुष्कळ गिरण्या भागीदारीच्या असल्याने कंपन्यांचे नियम त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत, कराचे मात्र होतात. पुनःस्थापनेत केवळ चालू शिल्लक नव्या पुस्तकात ओढून जुने वर्ष सोडून देण्याचा मोह होतो, त्याला येथे आवर घालावा लागतो. याखेरीज, सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकीय प्रणालींच्या कार्यनोंदी १८० दिवस ठेवावयाच्या असतात. या नोंदी ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातच असतात आणि तिच्याबरोबर पुसल्या जातात. यंत्रात शिरकाव झाला म्हणून पुनःस्थापना होत असेल, तर त्या म्हणजे घटनेचा पंचनामाच होय. अशा वेळी त्यांची प्रत आधी आणि सफाई नंतर, हा क्रम ठेवावा. शिवाय अशा घटनेची वर्दी ती ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत देण्याची अपेक्षा त्याच निर्देशांत आहे.

काळाची निवड स्थानिक ऋतुमानावरून करावी. कापसाचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि दिवाळीच्या सुमारास आवक वाढू लागते. तेव्हापासून हंगाम ओसरेपर्यंत सर्व्हरला हात लावणे नको. मार्च-एप्रिल वर्षअखेरीचा. मे महिन्यात उष्मा असतो आणि वीजपुरवठ्यावर ताण असतो. जुलै ते सप्टेंबर हा काळ उरतो, आणि त्यातही कराची मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांसाठी ११ आणि २० या तारखा टाळाव्यात. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा हे या भागातील दोन सलग सुटीचे दिवस ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात येतात. त्या वेळी काटा बहुधा थांबलेलाच असतो. पावसाळ्यात विजा पडतात, ही अडचण खरी आहे; परंतु चांगल्या स्थितीतील यूपीएस आणि भूसंयोजन यांची तपासणी या तयारीत तशीही करावयाचीच असते. यूपीएसची बॅटरी दहा मिनिटेही टिकत नसेल तर ती बदलेपर्यंत काम पुढे ढकलावे. स्थापना अर्ध्यावर असताना वीज जाणे यासारखा दुसरा अपशकुन नाही.

काम लांबलेच तर दुसऱ्या दिवशी काट्यावर येणाऱ्या ट्रॉल्यांचे काय, याचेही उत्तर तयार असले पाहिजे. क्रमांक घातलेली छापील काटापट्टीची पुस्तके, तीन रंगांच्या प्रतींसह, आधीच आणून ठेवावीत. हाताने लिहिलेल्या पट्ट्यांची क्रमांकमालिका वेगळी ठेवावी, म्हणजे नंतर ती सर्व्हरवर चढविताना गोंधळ होत नाही. दूर गावाहून भाड्याच्या ट्रॉलीतून कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याला वजन आणि भाव लिहिलेला कागद त्याच दिवशी हाती पडला पाहिजे. त्याच्या दृष्टीने सर्व्हर हा विषयच अस्तित्वात नाही.

प्रत्यक्ष पुसण्याच्या बाबतीत एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. ती अशी की, पुसूच नये. डिस्कच्या किमती आता अशा राहिलेल्या नाहीत की जुनी डिस्कच पुन्हा वापरली पाहिजे. जुनी डिस्क, आणि डिस्क जोडीने असतील तर क्रमांक घालून त्या सर्व, यंत्रातून काढून ठेवाव्यात आणि नवी प्रणाली नव्या डिस्कवर बसवावी. रेडचे नियंत्रण करणारे कार्ड कोणत्या मांडणीत होते याची नोंद करावी, आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर वेगळ्या पेन-ड्राइव्हवर तयार ठेवावा. तो नसेल तर स्थापनेच्या वेळी पडद्यावर डिस्कच दिसत नाही आणि रात्री अकरा वाजता तो शोधत बसावे लागते. ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावी आणि तिची अंकमुद्रा तेथे दिलेल्या मुद्रेशी ताडावी.

परतीची वेळही घड्याळाने ठरवून ठेवावी. काम शनिवारी सायंकाळी सहाला सुरू झाले आणि सोमवारी सकाळी आठला काटा उघडावयाचा असेल, तर रविवारी दुपारी चार वाजता थांबून पाहावे : दहा खाती उघडतात काय, काटापट्टी छापली जाते काय, तिन्ही खोल्यांतील संगणक आत येऊ शकतात काय. यांतील एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर दुरुस्तीचा मोह आवरून जुनी डिस्क परत बसवावी आणि पुढचा दिवस पाहावा. हा निर्णय काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडे ठेवू नये, मालकाने स्वतः घ्यावा. कारण आणखी एका तासात जमेल, असे तंत्रज्ञाला पहाटेपर्यंत वाटत राहते.

सर्व सुरळीत झाल्यानंतरही जुन्या डिस्कवर दिनांक, यंत्राचे नाव आणि जोडीतील क्रमांक लिहून ती कोरड्या जागी, कापसाच्या तंतूपासून दूर, बंद डब्यात ठेवावी, आणि त्या वर्षाचे लेखापरीक्षण पुरे होईपर्यंत ती कोणत्याही कामासाठी उसनी देऊ नये.